गुणवत्ता यादीबाहेरची हुशार मुलं

शालेय शिष्यवृत्ती परीक्षेला दोन पेपर. प्रत्येकी ७५ प्रश्न, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. परीक्षा चांगलीच आहे, पण ती अचूकतेइतकाच वेग आणि सरावही तपासते. एखाद्या प्रश्नापाशी थांबून ‘हे असंच का?’ म्हणणारं मूल तिथे मागे पडतं. त्यामुळे प्रज्ञावान मुलांची यादी केवळ शिष्यवृत्तीच्या निकालावरून करू नये, असं माझं ठाम मत आहे.

घटक चाचणीवरूनही करू नये. ती त्याच इयत्तेची, म्हणजे पाचवीला पाचवीचीच असते. तिथे २० पैकी २० मिळवणाऱ्या पाच मुलांपैकी सहावीचं गणित कोणाला जमेल आणि आठवीचं कोणाला, हे त्या २० गुणांतून कळत नाही.

वर्गात करता येईल असा उपाय म्हणजे पूर्वचाचणी. धडा सुरू करण्याआधीच त्याच्या शेवटच्या, अवघड उदाहरणांपैकी दहा द्या. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, पण लिहून संपेपर्यंत थांबा. आठ किंवा जास्त बरोबर आली आणि रीतही सांगता आली, तर त्या मुलाला धड्यातला नेहमीचा सराव नको. चुकलेली दोन मात्र नीट पाहा. धडा अपूर्णांकांचा असेल आणि दोन्ही भिन्नछेद (वेगवेगळ्या छेदांच्या) बेरजेची असतील, तर तेवढ्या तासाला त्याने सर्वांबरोबर बसायचं.

अक्षर वाईट असलेली, हळू लिहिणारी मुलं इथे हमखास सुटतात, म्हणून त्यांना तोंडी विचारा. घरी पावरी किंवा गोंडीसारखी आदिवासी भाषा बोलणाऱ्या मुलांना शाब्दिक उदाहरणाची मराठीच अडवते. तेच उदाहरण आकृती काढून द्या.

आता मोकळ्या झालेल्या वेळाचं काय? सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लवकर संपवणाऱ्याला तशीच आणखी वीस गणितं दिली, की आठवड्याभरात ते मूल मुद्दाम सावकाश लिहायला लागतं. रोज दुसऱ्यांना शिकवायला बसवणंही बरोबर नाही. त्यात त्याचं स्वतःचं शिकणं थांबतं.

काम त्याच धड्यातलं, पण खोल हवं. अपूर्णांकांचंच घ्या. १/२ + १/३ + १/६ = १ हे दाखवा आणि विचारा: अंश १ असलेले चार वेगवेगळे अपूर्णांक घेऊन बेरीज १ येईल का? (१/२ + १/४ + १/६ + १/१२ हे एक उत्तर, आणखीही आहेत.) मग पाच घेऊन? आणि दोनच घेऊन का जमत नाही? पाचवीतलं मूलही हे पटवून देऊ शकतं: १ सोडला तर सगळ्यात मोठे दोन म्हणजे १/२ आणि १/३, आणि त्यांची बेरीजच १ पेक्षा कमी भरते. हे त्याच्याकडून वहीत, स्वतःच्या वाक्यांत लिहून घ्या. उत्तर लगेच सांगू नका. दोन दिवस अडकलं तरी चालेल. सगळं पटकन येण्याची सवय लागलेल्या मुलाला अडकून राहणंही शिकावं लागतं, आणि त्या दोन दिवसांत शिक्षकांनी रोज पाच मिनिटं त्याच्याशेजारी बसायलाच हवं.

‘याचा सराव बुडतोय’ अशी पालकांची तक्रार येतेच. पूर्वचाचणीचा कागद जपून ठेवा आणि तोच दाखवा. घटक चाचणी मात्र सर्वांबरोबरच द्यायची.

पुढच्या धड्याला पुन्हा पूर्वचाचणी. अपूर्णांकात पुढे असलेलं मूल भूमितीत इतरांबरोबर असू शकतं, म्हणून यादी धड्याधड्याला नवी करायची आणि ती फळ्यावर लावायची नाही.