ई-सायकलीला इमारतीत जागा मिळवताना

आमच्या इमारतीत सायकली उभ्या करण्यासाठी स्वतंत्र जागा आहे आणि तिथे सायकल ठेवायची तर वहीत नाव नोंदवले की पुरते. माझ्या नव्या सायकलीला मात्र त्याच जागेसाठी लेखी अर्ज, नकार, खुलासा, प्रात्यक्षिक आणि शेवटी अटींचा कागद एवढे सगळे सोपस्कार पार पाडावे लागले, कारण तिच्या पेडलांच्या मधोमध एक मोटर आहे आणि चौकटीच्या तिरप्या नळीत एक बॅटरी. या काळात मला विचारले गेलेले बहुतेक प्रश्न रस्त्यावर दिसणाऱ्या आणि बातम्यांत वाचलेल्या ई-सायकलींवरून सुचलेले होते आणि त्यांची उत्तरे माझ्या सायकलीला द्यावी लागत होती. अशीच परवानगी मागण्याची वेळ ज्यांच्यावर येईल त्यांना उपयोग होईल, म्हणून हे सारे जरा तपशिलाने लिहीत आहे.

मी अनेक वर्षे साधी सायकल चालवत आले आहे. कार्यालयाचे अंतर दहा-बारा किलोमीटर आहे आणि शेवटी एक लांब चढ आहे. तो चढून घामाने निथळत बैठकीला बसणे जमेना, तेव्हा मी ई-सायकलीचा विचार सुरू केला. निवड करताना मी एकाच गोष्टीवर अडून राहिले, ती म्हणजे पेडलवरचा दाब मोजणारा सेन्सर. स्वस्त सायकलींत बहुधा पेडल फिरते आहे की नाही एवढेच ओळखणारा सेन्सर असतो. त्यामुळे पाय नुसते फिरवले तरी मोटर ठरावीक जोर लावते आणि सुरुवातीला थोडा धक्का बसतो. दाब मोजणाऱ्या सेन्सरमध्ये मदतीचे प्रमाण पायाच्या जोरावर ठरते. चढावर आपण जोर वाढवला की मोटरचा बारीक घरघराट वाढतो, जोर कमी केला की तोही खाली येतो आणि पाय थांबले की तो लगेच विरतो. ताशी २५ किलोमीटरचा वेग ओलांडताच मोटर गप्प होते आणि आपल्या पायाखाली चोवीस किलोचे ओझे आहे याची स्वच्छ जाणीव होते. सपाट रस्त्यावर हलक्या साध्या सायकलीवरचा चांगला सायकलस्वार मला सहज मागे टाकतो.

ही कल्पना नवी अजिबात नाही. मागच्या चाकाच्या तुंब्यात मोटर बसवलेल्या सायकलीचे पेटंट ऑग्डेन बोल्टन यांना अमेरिकेत १८९५ साली मिळाले होते. पण त्या काळच्या जड बॅटऱ्यांमुळे ती कागदावरच राहिली. पायाचा जोर ओळखून त्या प्रमाणात मदत करणारी सायकल यामाहाने जपानमध्ये १९९३ साली बाजारात आणली आणि लिथियम-आयन बॅटऱ्या आल्यावर वजनाचा प्रश्न आटोक्यात आला. तरीही बरीच वर्षे ‘हे वयस्कर लोकांचे वाहन’ हा शिक्का पुसला गेला नव्हता. आता चित्र पालटले आहे. जर्मनीत २०२३ साली विकल्या गेलेल्या नव्या सायकलींपैकी ५३ टक्के ई-सायकली होत्या. साध्या सायकली तिथे प्रथमच मागे पडल्या. मुलांना शाळेत सोडणारे पालक, सामान पोहोचवणारे लोक, डोंगरवाटांवर जाणारे हौशी असे नाना प्रकारचे लोक ती वापरतात. लोकप्रियतेबरोबर तक्रारीही वाढल्या आणि त्या तक्रारींची पहिली झळ मला माझ्या अर्जाच्या उत्तरात लागली.

व्यवस्थापन समितीचे उत्तर त्रोटक होते. सायकलींच्या जागेत मोटर असलेली वाहने ठेवता येणार नाहीत आणि बॅटरीमुळे आगीचा धोका असल्याने इमारतीत चार्जिंगला परवानगी देता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. त्यावर चिडून उत्तर लिहिण्याऐवजी मी दोन्ही मुद्द्यांवर स्वतंत्र खुलासा दिला आणि सायकल प्रत्यक्ष पाहावी अशी विनंती केली. वाद बैठकीच्या टेबलावर घालण्यापेक्षा सायकल दाखवणे केव्हाही सोपे, हे मी आधीच ठरवले होते.

पहिला मुद्दा त्या मानाने लवकर सुटला. युरोपीय संघाच्या नियमांत मोटरची निर्धारित सलग क्षमता २५० वॅटपर्यंत असेल, पेडल मारतानाच ती मदत करत असेल आणि ताशी २५ किलोमीटरला ती मदत बंद होत असेल, तर ते वाहन सायकलच मानले जाते. ४५ किलोमीटरपर्यंत मदत करणाऱ्या वेगवान प्रकाराला तिथे मोपेडचे नियम, म्हणजे नोंदणी आणि विमा, लागू होतात. जपानमध्ये मदत २४ किलोमीटरला थांबावी लागते. अमेरिकेत अनेक राज्यांनी तीन वर्ग केले आहेत आणि त्यांतल्या दुसऱ्या वर्गात पेडल न मारता, नुसती मूठ पिळून किंवा कळ दाबून चालणारी सायकलही येते. आकडे देशागणिक बदलतात, परंतु पायाने चालते की मुठीने, आणि मदत कोणत्या वेगाला थांबते, हे दोन प्रश्न बहुतेक नियमांच्या मुळाशी आहेत. समितीच्या सचिवांना मी सायकलीवर बसवले आणि आवारात एक फेरी मारायला सांगितले. परत आल्यावर त्यांनी हॅण्डलच्या दोन्ही मुठी पिळून पाहिल्या, त्या जागच्या हलल्या नाहीत, आणि ‘म्हणजे पाय मारावेच लागतात’ असे म्हणत त्यांनी आपल्या कागदावर खूण केली. रस्त्यावर पादचाऱ्यांना घाबरवत सुसाट जाणाऱ्या, जाड टायरच्या आणि नावापुरती पेडले लावलेल्या गाड्यांना लोक ई-बाइकच म्हणतात. सचिवांच्या डोळ्यांसमोर त्याच गाड्या होत्या आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. वेगाची मर्यादा काढून टाकणारी उपकरणे उघड विकली जातात, तोवर हा संशय राहणारच.

समितीतले एक ज्येष्ठ सदस्य स्वतः जुने सायकलपटू आहेत. त्यांचा आक्षेप नियमांत बसणारा नव्हता, पण मनापासूनचा होता: मोटर लावून सायकल चालवणे ही फसवणूक आहे. शर्यतीपुरते त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. २०१६ साली बेल्जियममधील झोल्डर येथे सायक्लोक्रॉसच्या (चिखल आणि अडथळ्यांच्या वाटेवरच्या सायकल शर्यतीच्या) जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एका खेळाडूच्या सायकलीत लपवलेली मोटर सापडली आणि तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. ही बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनेच २०१९ पासून ई-माउंटन बाइकची अधिकृत जागतिक स्पर्धा सुरू केली, हेही मी त्यांना सांगितले. सगळ्यांकडेच मोटर असेल तर कोणी कोणाला फसवत नाही. कार्यालयात जाताना तर मी कोणाशी शर्यत लावलेलीच नसते. व्यायाम होत नाही, हा त्यांचा पुढचा मुद्दा होता. युरोपातील सात शहरांतील लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ई-सायकल वापरणाऱ्यांची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरते, कारण ते अधिक लांबचे अंतर कापतात, असे त्यात आढळले होते. काकांना हे फारसे पटले नाही. त्यांनी चढावर एक फेरी मारली, उतरले, नाडी पाहिली आणि काही न बोलता सायकल माझ्या हातात दिली.

खरी झुंज आगीच्या मुद्द्यावर झाली आणि तिथे माझ्यासमोरचे लोक बऱ्याच अंशी बरोबर होते. न्यूयॉर्क शहरात २०२३ साली लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींत १८ जणांचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी तिथे प्रमाणित बॅटऱ्या असलेल्याच ई-सायकली विकण्याचा नियम लागू झाला. अशी बॅटरी बिघडली की एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते, ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि आग क्षणार्धात फैलावते. दारातच चार्जिंगला लावलेली बॅटरी पेटली तर घरातल्यांची बाहेर पडण्याची वाटच बंद होते. एका सदस्यांनी विचारले की ही वस्तू इतकी सुरक्षित आहे, तर विमान कंपन्या ती का नेऊ देत नाहीत? प्रश्न अचूक होता. प्रवासी विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सहसा चालते, १६० पर्यंतच्या बॅटरीला कंपनीची मंजुरी लागते, आणि माझी बॅटरी ५०४ वॉट-तासांची आहे. एवढी ऊर्जा एका नळीत कोंडलेली असताना ‘धोकाच नाही’ असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरले असते, म्हणून मी ते म्हटले नाही. धोका कशाने वाढतो ते सांगितले: दुसऱ्याच बॅटरीचा चार्जर, जुने सेल जोडून तयार केलेला पॅक, जोरात आपटलेली किंवा पाणी शिरलेली बॅटरी.

मग मी किल्लीने कुलूप उघडून बॅटरी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्या खालच्या बाजूच्या पट्टीवर ३६ व्होल्ट आणि १४ अँपिअर-तास असे छापलेले आहे. त्यांचा गुणाकार म्हणजेच ते ५०४ वॉट-तास. शेजारी चार्जर ठेवला. त्याच्यावर ४२ व्होल्ट आणि २ अँपिअर असे आकडे आहेत. हा फरक पाहून एकाने लगेच बोट ठेवले, पण तो योग्यच असतो: आत ओळीने दहा सेल जोडलेले असतात आणि पूर्ण भरलेला प्रत्येक सेल ४.२ व्होल्टचा होतो. ४८ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर मात्र ५४.६ व्होल्ट देतो. काही चार्जरांच्या पिना इतक्या सारख्या असतात की एकाचा चार्जर दुसऱ्याच्या बॅटरीत सहज बसतो आणि बॅटरीतले संरक्षक सर्किट कमअस्सल असेल तर तिथूनच अनर्थाला सुरुवात होऊ शकते. बैठकीत सर्वाधिक परिणाम झाला तो या दोन पट्ट्यांचा. विजेच्या वापराची शंका तर एका वाक्यात मिटली: पूर्ण चार्जला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज आणि सात तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यावर माझे साधारण पन्नास किलोमीटर होतात.

परवानगी मिळाली ती अटींसह. सायकल खाली राहील, पण बॅटरी काढून घरी न्यायची. जिन्यात, सामाईक मार्गिकेत किंवा घराच्या दाराजवळ चार्जिंग करायचे नाही. घरात कोणी जागे असतानाच चार्जर लावायचा. तो बॅटरीबरोबर मिळालेलाच असला पाहिजे आणि त्यावर घराचा क्रमांक लिहिलेला असला पाहिजे. बॅटरी आपटली, फुगली किंवा तिला विचित्र वास येऊ लागला तर ती इमारतीत आणायची नाही. यातली चार्जरवर क्रमांक लिहिण्याची सूचना माझीच होती. रात्री चार्जिंग करता येत नाही हे सुरुवातीला जाचक वाटले. आता संध्याकाळी घरी आल्यावर लावते आणि झोपण्यापूर्वी काढते. बॅटरी दर वेळी काठोकाठ भरावी लागत नाही, उलट थोडी कमी ठेवली तर तिचे आयुष्य वाढते, त्यामुळे काही अडत नाही. एक अडचण कोणाच्याच लक्षात आली नव्हती. आमच्याकडे सायकली भिंतीवरच्या हुकांना टांगतात आणि चोवीस किलोची सायकल तिथे चढवणे मला शक्य नाही. शेवटी जिन्याशेजारच्या भिंतीलगत जमिनीवर एक पट्टा आखून मिळाला.

हाच अटींचा कागद आता अर्जाचा नमुना झाला आहे. त्याला बॅटरी, चार्जर आणि मोटरवरील पट्ट्यांची छायाचित्रे जोडावी लागतात. माझ्यानंतर आलेल्या एका अर्जातील मोटर ७५० वॅटची होती आणि उजवी मूठ पिळली की पेडलला पाय न लावता गाडी पुढे जात होती. समितीने तिला मोटरसायकलींच्या रांगेत जागा दिली. बॅटरीवर कोणतेही प्रमाणचिन्ह नसल्याने ती घरात नेण्याची परवानगी मात्र नाकारली. ते गृहस्थ माझ्यावर नाराज आहेत. दोन्ही गाड्या विकताना एकच नाव सांगितले जाते, मग एकीला एक न्याय आणि दुसरीला दुसरा का, असा त्यांचा सवाल आहे. मी त्यांना दोन्ही पट्ट्यांची छायाचित्रे शेजारी ठेवून दाखवली आहेत आणि प्रमाणित बॅटरीसाठी उत्पादकाकडे विचारणा करण्याचे पत्र लिहायला मदत केली आहे. उत्पादकाचे उत्तर अजून आलेले नाही.