शिवळ काढली का?

विमान चालवायला शिकायच्या पहिल्या दिवशी टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सेस्ना 172 हे छोटं विमान हळूहळू चाललं होतं. पुढे डावं वळण आलं आणि मी योक, म्हणजे समोरचं दोन मुठींचं हँडल, मोटारीच्या स्टिअरिंगसारखा डावीकडे फिरवला. विमान आपलं सरळच. मी आणखी फिरवला. शेजारून सर शांतपणे म्हणाले, "पाय. जमिनीवर पायांनी वळायचं. हातात धरलंयस ते वर गेल्यावर."

तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि वीस वर्षं गाडी चालवलेल्या हातांना हे पटायला आठवडा लागला. योक फिरवला की पंखांच्या टोकांकडची हलती पाती, एलेरॉन, हलतात आणि विमान कुशीवर कलतं. तो पुढे-मागे केला की शेपटीचं आडवं पातं, एलिव्हेटर, हलतं आणि नाक खाली-वर होतं. नाक डावी-उजवीकडे फिरवायचं काम पायांचं. एवढंच. पण आमच्या तुकडीत "योक, योक" हा जप दिवसभर चालायचा आणि दर वेळी मला मनातल्या मनात हसू यायचं, कारण योक म्हणजे जू. अर्थानेच नव्हे, शब्दानेही. संस्कृत युग, लॅटिन युगुम, ग्रीक झुगोन, इंग्रजी योक आणि आपलं जू, ही सगळी एकाच पोटची भावंडं. माझ्यापुढे काळ्या प्लॅस्टिकचं, बटणं लावलेलं जू होतं आणि आजोबांच्या गोठ्यात भिंतीला टेकून असायचं ते लाकडी.

ते मला अजून हाताला आठवतं. वरून खडबडीत, कडेला चिरलेलं, पण बैलांच्या मानेवर टेकायची दोन ठिकाणं काचेसारखी गुळगुळीत झालेली. लहानपणी मी त्या दोन खळग्यांवरून बोट फिरवत बसायची. दोन्ही टोकांना भोकं, भोकांत शिवळा, म्हणजे उभ्या खुंट्या, शिवळेला अडकवलेलं जोतं, म्हणजे पट्टा, मानेखालून जाणारं. जू वशिंडाच्या पुढ्यात बसतं, ओढ वशिंडावर येते. जू कितीही जड असलं तरी शिवळ नसेल तर बैल मान बाहेर काढून मोकळा. म्हणून नांगर बांधावर आला की आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "शिवळ काढली का?" ती काढली की मगच बैलाचं तोंड पाण्याकडे.

एक बैल थोराड होता, दुसरा नुकता जुंपायला लागलेला. आजोबा जुवाला नांगराचा दोर बांधताना तो अगदी मध्ये बांधत नसत, थोराड बैलाच्या बाजूला दोन-तीन बोटं सरकवत. मला वाटायचं नजरचूक आहे. मोठी झाल्यावर कागदावर मांडून पाहिलं. दोन मानांमधलं अंतर 120 सेंटिमीटर धरा. दोर 5 सेंटिमीटर सरकला की एका बाजूला 55 उरतात, दुसऱ्या बाजूला 65. मग शंभर किलोच्या ओढीतले सुमारे 54 थोराडाच्या मानेवर येतात, 46 पोराच्या. तरफेचं गणित, दुसरं काही नाही. आजोबांनी तरफेचं नाव ऐकलं नव्हतं, पण कुणाला किती झेपतं हे त्यांना ठाऊक होतं.

विमानातला योक बघताना मी असाच जोडीदार शोधत होते आणि तो सापडला उजव्या बाजूला. प्रशिक्षण विमानात दोन योक असतात, आतून एकमेकांना जोडलेले. माझा हलला की सरांचा हलतो, त्यांचा हलला की माझा. सर बहुतेक वेळ हात मांडीवर ठेवून बसायचे. उतरताना मात्र त्यांची दोन बोटं योकखाली यायची. एकदा धावपट्टी जवळ आली आणि मी घाबरून नाक खालीच ठेवलं, तेव्हा माझ्या हातातला योक आपोआप मागे सरकायला लागला. मी ओढत नव्हते. तो सरांचा हात होता, माझ्याच मुठीत शिरलेला. चाकं टेकल्यावर त्यांनी फक्त "यू हॅव कंट्रोल" म्हटलं, मी "आय हॅव कंट्रोल" म्हटलं. ही देवघेव तोंडाने बोलूनच करायची असते, नाहीतर दोघंही धरून ठेवतात किंवा दोघंही सोडतात. आणि दुसरी शक्यता जास्त वाईट.

इथे शेताशी जुळत नाही तेही सांगते. बैलांच्या जुवात ओझं वाटलं जातं. योकमध्ये काहीच वाटलं जात नाही, फक्त कळतं. पण तेवढं कळणंही प्रत्येक विमानात नसतं. 1988 साली सेवेत आलेल्या एअरबस ए320 मध्ये योक नाही, बाजूला छोटी दांडी आहे, आणि दोन वैमानिकांच्या दांड्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. दोघांनी एकदम हलवल्या तर संगणक दोन्हींची बेरीज करतो आणि 'ड्युअल इनपुट' असं ओरडून सांगतो. 1 जून 2009 ला एअर फ्रान्सचं फ्लाइट 447 अटलांटिकमध्ये पडलं, 228 माणसं गेली. ते ए330 होतं, दांडी त्याच पद्धतीची. एक सहवैमानिक ती बराच वेळ मागे ओढून होता. अपघाताला इतरही कारणं होती, वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साठला तिथून सुरुवात झाली. पण शेजारच्याच्या हाताला ती ओढ जाणवण्याची सोय नव्हती, हे वाचल्यापासून माझं मत झुकलं ते झुकलंच. बोइंगने 777 संगणकी केलं तरी योक ठेवले आणि तेही जोडलेले ठेवले. मी बोइंगची भक्त नाही, पण या एका बाबतीत जुवाच्या बाजूने आहे.

मजा म्हणजे विमानातलं जू एकेकाळी खरोखर खांद्यावर होतं. 1908 मध्ये ग्लेन कर्टिसने 'जून बग' उडवलं, त्यात एलेरॉनची दोरी वैमानिकाच्या खांद्यांना जखडलेल्या जुवाला बांधलेली होती. ज्या बाजूला कलायचं तिकडे माणसाने अंग कलवायचं. तो फोटो पाहिला तेव्हा मी मोठ्याने हसले. बैलच की!

धर्मग्रंथांत हे लाकूड किती ठिकाणी टेकवून ठेवलंय ते बघू लागले आणि महिनाभर त्यातच रमले. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू थकल्याभागल्यांना म्हणतो, माझं जू घ्या, ते सोयीचं आहे. ओझं फेकून द्या म्हणत नाही, दुसरं जू देऊ करतो. यिर्मया संदेष्टा तर स्वतःच्या मानेवर लाकडी जू घेऊन हिंडतो, बाबेलच्या राजाला मान तुकवा हे सांगायला. हनन्या ते सगळ्यांदेखत मोडून टाकतो, आणि उत्तर येतं की लाकडाचं मोडलंस, आता लोखंडाचं येईल. ज्यूंच्या परंपरेत शमा ही रोजची प्रार्थना म्हणणं म्हणजे स्वर्गाच्या राज्याचं जू मानेवर घेणं. बौद्धांचं कासव निराळंच. समुद्रावर एक भोक असलेलं जू तरंगतंय, आणि शंभर वर्षांतून एकदा वर येणाऱ्या आंधळ्या कासवाची मान नेमकी त्या भोकात जावी, तितका माणसाचा जन्म दुर्मीळ.

पण मी अडकून पडले ती सुत्तनिपात या बौद्ध ग्रंथातल्या, शेती करणाऱ्या कसिभारद्वाज ब्राह्मणाच्या गोष्टीत. पेरणीचे दिवस आहेत, पाचशे नांगर जुंपलेत, जेवण वाढलं जातंय आणि बुद्ध भिक्षेला येऊन उभे राहतात. भारद्वाज म्हणतो, मी नांगरतो, पेरतो, मग खातो. तुम्हीही नांगरा आणि खा. बुद्ध म्हणतात, मीही नांगरतो. तो म्हणतो, कुठंय तुमचं युग, नंगल, फाल, कुठंयत बैल? जू, नांगर, फाळ. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा प्रश्न माझ्या आजोबांना भाषांतर न करता कळला असता. उत्तर तर सबंध अवजारांची यादीच आहे. श्रद्धा हे बी, तप हा पाऊस, प्रज्ञा हे जू आणि नांगर, लाज ही इसाड, म्हणजे नांगराचा लांब दांडा, मन हे जोतं, स्मृती हा फाळ आणि बैल हाकायची पराणी, आणि वीर्य म्हणजे धुरेला जुंपलेला बैल.

मन हे जोतं! मन म्हणजे बैल असेल, मोकाट वासरू असेल असं मला वाटलं होतं. इथे ते चामड्याची पट्टी आहे, बैलाला जुवाशी धरून ठेवणारी. आणि तिथेच 'योग' शब्दाची गंमत. त्याचा संस्कृत धातू युज्, म्हणजे जुंपणे. आपण योग चांगल्या अर्थाने म्हणतो, पण पालीत योग म्हणजे बंधनही, आणि योगक्खेम म्हणजे त्या जुंपणीतून सुटल्यावरची निर्भयता. कुणासाठी जुंपणं ही साधना, कुणासाठी सुटणं.

सेस्नालाही शिवळ आहे, हे सांगायचं राहिलंच. विमान उभं असताना वाऱ्याने पंखांची पाती आपटू नयेत म्हणून योकच्या दांड्यातल्या भोकातून एक लोखंडी खीळ घालतात, तिला लाल पट्टी. ती काढल्याशिवाय उडायचं नाही. 30 ऑक्टोबर 1935 ला बोइंगचं मॉडेल 299, पुढे बी-17 झालेलं, अशाच न सोडलेल्या कुलपापायी उडताक्षणी कोसळलं आणि दोन माणसं गेली. वैमानिकांच्या हातात छापील चेकलिस्ट आली ती त्यानंतर. मला ती खीळ पहिल्यांदा दाखवली तेव्हा तोंडातून "शिवळ" गेलं. सरांनी विचारलं, काय? मी सांगितलं. त्यांना शब्द आवडला असावा, कारण पुढे ते रोज चेकलिस्टच्या आधी विचारायचे, "शिवळ काढली का?"

सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकटीने उडायच्या दिवशीही विचारलं, विमानातून उतरताना, दार लावता लावता. मी खीळ वर धरून दाखवली.

मग एकटीच. एक माणूस उतरल्याने विमान हलकं झालं होतं आणि सवयीपेक्षा लवकर उचललं गेलं. पहिलं वळण डावीकडे. योक फिरवताना माझी नजर सहज उजव्या सीटकडे गेली. सीट रिकामी, पट्टे नीट बांधलेले. आणि समोरचा सरांचा योक माझ्याबरोबर डावीकडे वळत होता.