आम्ही हाल काढले

मशीननं लिहिलेलं वाक्य होतं, ‘आम्ही हाल काढले.’ ते वाचून मी पुढं गेले होते. पहाटे पाचला गोठ्यात उतरणारी बाई फोनवर हेच सांगणार की!

एका दूध संघाच्या जनावरांच्या डॉक्टरसेवेसाठी आम्ही फोन ऐकणारी यंत्रणा बनवत होतो. शेतकऱ्यानं फोन करायचा, गाई-म्हशीला काय होतंय ते बोलायचं, यंत्रणेनं ते लिहून काढायचं आणि तातडीचं असेल तर डॉक्टरांच्या यादीत वर टाकायचं. ऑफिस कोल्हापुरात राजारामपुरीत, फोन मात्र पार कर्नाटकच्या सीमेवरच्या चंदगड-गडहिंग्लजपासून. सगळे एकदम यायचे ते सकाळी धारा झाल्या की. फोनवरचा आवाज सेकंदाला 8,000 नमुन्यांचा, म्हणजे 4,000 हर्ट्झच्या वरचे बारीक आवाज सगळे कापलेले. ‘स’ची शीळ बरीचशी तिथंच जाते. वर मागं कुट्टी मशीन चालू. एवढ्या गोंगाटात आमचा चुकांचा आकडा इतका कमी येत होता की त्या आठवड्यात मी सगळ्यांना पेढे वाटले होते. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

संघाकडून फोन घेणाऱ्या एक काकू पडताळणीला आमच्याकडं यायच्या. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, घरात कानडी. त्या दिवशी त्यांनी हेडफोन लावला, पडद्यावरचं वाचलं, पुन्हा ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्याकडं बघितलं.

“मॅडम, ह्ये कुणी लिवलंय?”

“मशीननं.”

“मग मशीन थापा मारतंय. ऐका तुमी.”

मी ऐकलं. सुरुवात मराठीत, ‘हॅलो, डाक्टर हायत काय?’ मग बहुधा घाबरूनच बाई आपल्या भाषेत गेली. ‘एम्मी हाल कोडवल्दु.’

“एम्मी म्हंजे म्हस. हाल म्हंजे दूध. म्हस दूध देईना झालीया म्हणते ती. हाल काढले कुठलं?”

फोन तीन दिवसांपूर्वीचा होता. ‘हाल काढले’ हे काही आजाराचं लक्षण नाही, त्यामुळं तो ‘इतर तक्रारी’त जाऊन पडला होता. काकूंनी तिथूनच बाईंना फोन लावला. दोघी कानडीत बोलत होत्या, मला त्यातलं ‘दगडी’ एवढंच कळलं. कासेला दगडी झालेली, म्हणजे कास सुजून कडक झालेली. डॉक्टर शेवटी दुसऱ्या कुणाच्या ओळखीनं पोचले होते, पण मागचा एक सड गेला होता.

मला त्या चुकीपेक्षा तिच्या गुळगुळीतपणाचा धक्का बसला. मशीननं ‘अम्मी हल्क डवल’ असलं काहीतरी लिहिलं असतं तर कुणीही थांबून ऐकलं असतं. पण त्यानं चांगलं, नांदतं मराठी वाक्य दिलं. आमचं मॉडेल व्हिस्परवर बेतलेलं. ओपनएआयनं 2022 साली खुलं केलेल्या त्या मॉडेलची पहिली शिकवणी 6,80,000 तासांच्या आवाजावर झाली, पण इंग्रजी सोडून बाकीच्या 96 भाषांच्या वाट्याला त्यातले मिळून 1,17,000 तास. ते 30 सेकंदांचा तुकडा घेतं, आधी भाषा कुठली ते ठरवतं आणि मग त्या भाषेत लिहीत जातं. पुढचा शब्द लिहिताना कानाइतकाच आधीच्या शब्दांवर भरवसा. ‘डाक्टर हायत काय’ वरून मराठी ठरली आणि त्यानंतर आलेली कानडी त्यानं मराठीत कोंबली. सीमाभागातला माणूस 30 सेकंदांत दोनदा भाषा बदलतो, हे मला इथं जन्मून माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

काकू तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी माणसांनी लिहिलेल्या प्रतीही ऐकून बघायला घेतल्या. म्हणजे ज्यांच्याशी ताडून आम्ही मशीनच्या चुका मोजायचो, त्या.

“ही बाई ‘मी धार काढलो’ म्हणते. हितं ‘काढली’ लिवलंय. ही ‘मी दवाखान्यात गेलो’ म्हणते, हितं ‘गेले’. ह्ये बी मशीन व्हय?”

ते मशीन नव्हतं, मी होते. लिहून घेणाऱ्या मुलामुलींना दिलेल्या सूचनांत पहिलंच वाक्य माझं होतं, ‘व्याकरणशुद्ध मराठीत लिहा.’ आमच्याकडं बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’च म्हणतात. कानडीतसुद्धा ‘मी आलो’ला ‘नानु बंदे’च, बाप्यानं म्हणावं आणि बाईनंही. मी स्वतः दारातून ‘आई, आलो गं’ असं ओरडतच घरात शिरते आणि ऑफिसात पाय टाकला की ‘आले’ होते. ते ‘आले’ मी हजारो फोनांवर चढवलं होतं. बाईचा आवाज आणि ‘गेलो’ ऐकू आलं की कानावर विश्वास ठेवायचा नाही, हे मॉडेलला आम्हीच शिकवलं. आणि प्रतही खोटी, मशीनही तसंच खोटं, म्हटल्यावर चुका निघणार कुठून! त्या आकड्यावर पेढे.

सूचना बदलणं सोपं होतं, जुन्या प्रती पुन्हा ऐकून लिहिणं नव्हतं. त्यात पावसाळा गेला.

दुसरं काम मात्र मजेचं निघालं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, भारतीय लिप्यांची घरं एकाच क्रमानं मांडलेली आहेत, भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या इस्की संकेतावरून आलेला क्रम. कानडी अक्षराच्या क्रमांकातून 896 वजा केले की देवनागरीतलं तेच अक्षर हातात येतं. क, ह, ळ, सगळी. कानडीतल्या ऱ्हस्व एचंसुद्धा घर देवनागरीत आहे, ‘ऎ’. मराठी ते वापरत नाही एवढंच. मग आम्ही कानडी प्रती वजाबाकी करून देवनागरीत आणल्या, आणि ऐकण्यापुरतं एक वेगळं, साधं मॉडेल केलं. त्याला भाषा विचारायचीच नाही, नुसते आवाज अक्षरांत उतरवायचे. कुठला शब्द कुठल्या भाषेतला ते नंतर शब्दयाद्या बघून ठरवायचं. याची मराठी खडबडीत येते. वरिष्ठांना ती आवडली नाही, पडद्यावर गावंढळ दिसते म्हणाले. मी म्हटलं, दिसू दे.

दिवाळीच्या आधी तोच जुना फोन पुन्हा घातला. पडद्यावर आलं, ‘ऎम्मी हाल कोडवलदु’, आणि याद्यांनी ‘म्हैस’ आणि ‘दूध’ दोन्ही पकडून फोन वर ढकलला. काकूंनी चष्मा नाकावर सरकवून वाचलं.

“कोडवल्दु,” त्या म्हणाल्या. “ल चा पाय मोडा की.”