आमची वाटचाल : वडवणीतला कॉम्प्युटर क्लास

बीड जिल्ह्यातल्या वडवणीत आम्ही नवरा-बायकोनं कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हा सगळ्यांसारखंच चालायचं. एमएस-सीआयटी, टायपिंग आणि दहावी-बारावीची पोरं. आईबाप पोराला सोडायला यायचे, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकायचे नाहीत. 2016 च्या दुष्काळानंतर त्यांच्यातलेच काहीजण विचारू लागले, "आम्हाला जमंल का ओ सर?"

हा भाग ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मग शाळेच्या वेळापत्रकावर चालणारा कोर्स यांच्या काय कामाचा? आम्ही मोठ्यांची बॅच एप्रिलमध्ये सुरू करून दसऱ्याच्या आत संपवू लागलो. पेरणीला सुट्टी. फी बाजाराच्या दिवशी, जमेल तेवढी.

पोरांपासून ही बॅच वेगळीच ठेवावी लागते. कोयता धरलेलं बोट कळ सोडतच नाही आणि स्क्रीनवर ककककक अशी ओळच्या ओळ उमटते. त्यावर कुणी हसलं, की ती बाई दुसऱ्या दिवशी येत नाही. मराठी आम्ही इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर शिकवतो. मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. बाराखडी येणाऱ्याला लवकर बसतं.

एक्सेल मात्र उचलीच्या, म्हणजे टोळीच्या मुकादमानं हंगामाआधी दिलेल्या आगाऊ पैशांच्या हिशेबावरूनच. एका रकान्यात रोजचे टन, दुसऱ्यात टनाचा दर, पुढे गुणाकार, खाली बेरीज आणि त्यातून मुकादमाची उचल वजा. एका ताईंनी वहीतला अख्खा हंगाम भरला. आकडा आला तरी त्या सूत्र तपासतच बसल्या. मग म्हणाल्या, "सर, बाकी तर एवढी निघतच नाही की." प्रिंट घेऊन दोघं नवरा-बायको मुकादमाकडे गेले आणि बाकी कमी करून आले. त्या दिवसापासून आमच्याकडे हाच पहिला धडा.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि कृषी सेवा केंद्रांना, जिनिंगवाल्यांना कॉम्प्युटरवर बिलं करणारी माणसं लागू लागली. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकलेले काहीजण तिथं लागले, काही आपले सरकार सेवा केंद्रात. सगळ्यांचं झालं नाही. बरेच कोयते, म्हणजे तोडणीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, दिवाळीला पुन्हा गेलेच. म्हणून शंभर टक्के नोकरीच्या पाट्या मला सहन होत नाहीत. आमच्या दारावर तशी पाटी लागणार नाही.

पुढची बॅचही एप्रिललाच. येताना उचलीची वही आणा. लेकरू लहान असेल तर तेही आणा, सांभाळायला बाई ठेवली आहे.