ढग आहेत, मग चष्मा कशाला?

"आज ढगच आहेत, काळा चष्मा कशाला?" मालवणच्या एसटी स्टँडवर ऐकलेलं हे वाक्य डोक्यातून जातच नाहीये. बोलणाऱ्याच्या हातात कोडावरच्या (अंगावरच्या पांढऱ्या डागांवरच्या) मेथॉक्सॅलेन गोळ्यांची पट्टी होती.

अहो, या गोळीमुळे उन्हातले जे यूव्हीए (अतिनील) किरण बाधतात, ते ढगातून येतात, एसटीच्या बंद काचेतूनही येतात. म्हणून गोळी घेतल्यापासून २४ तास यूव्हीए अडवणारा चष्मा हवाच, घरात खिडकीशी बसलात तरी. नाहीतर मोतीबिंदूचा धोका. नुसती काळी काच तर नकोच; तिच्याआड डोळ्याची बाहुली मोठी होते, किरण जास्त आत शिरतात.

गोळी घेऊन डागांवर जे उपचाराचं ऊन घ्यायचं, तेही डॉक्टर सांगतील तेवढीच मिनिटं. भाजल्याचा खरा जोर ४८ ते ७२ तासांनी दिसतो; "काल काही झालं नाही" म्हणून वेळ वाढवू नका.

त्यांना गोळीसोबत चष्म्याचं कुणी नीट सांगितलं असेल का?