शेवटचा तास: पुराची खूण आणि एमएलई

संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.चा इन्फरन्सचा, म्हणजे नमुन्यावरून अनुमान काढण्याचा, पेपर या आठवड्यात शिकवून संपला. उरलेले तास मुलांना जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला हवे होते, आणि ते दिलेही. एक तास मात्र मी एका ओळीसाठी राखून ठेवला. प्रत्येकाच्या वहीत प्रमेयाआधी ती ओळ असते: ‘अंडर रेग्युलॅरिटी कंडिशन्स’, म्हणजे ‘नियमिततेच्या काही अटी पाळल्या तर’. परीक्षेत मुलं ती न चुकता लिहितात. पण त्या अटी कोणत्या, आणि एखादी मोडली तर काय होतं, असं विचारलं की सगळे खाली बघतात.

या अटींवर बोलताना वसंत शंकर हुजूरबाजार यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९१९ साली ते याच कोल्हापुरात जन्मले. केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे त्यांनी पीएचडी केली, पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला. पॅरामीटर म्हणजे वितरणातला आपल्याला माहीत नसलेला आकडा. त्याची एखादी किंमत धरली तर हाती आलेला डेटा कितपत शक्य ठरतो, याचं माप म्हणजे लाइकलिहूड; त्याचा डेरिव्हेटिव्ह शून्य धरला की लाइकलिहूड समीकरण मिळतं. या समीकरणाला कन्सिस्टंट, म्हणजे नमुना वाढेल तसं खऱ्या किमतीजवळ जाणारं, उत्तर असतं, हे संख्याशास्त्रज्ञ क्रॅमर यांनी दाखवलं होतं. नमुना मोठा होत गेला की असं उत्तर एकच उरतं आणि तिथे लाइकलिहूडचं शिखर असतं, हे हुजूरबाजारांनी १९४८ च्या निबंधात सिद्ध केलं. आपल्या गावच्या माणसाचं काम आपण शिकतो त्या विषयात आहे, हे पोरांना कळायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

पण हे सगळं अटी पाळल्या तर. त्यातली एक अशी, की डेटा ज्या पट्ट्यात पडू शकतो त्याची हद्द पॅरामीटरवर अवलंबून नसावी. फळ्यावर मी शून्य ते थीटा हे युनिफॉर्म वितरण घेतलं: या दोन हद्दींमध्ये आकडा कुठेही सारख्याच शक्यतेने पडतो, आणि थीटा हाच पॅरामीटर. इथे डेरिव्हेटिव्ह शून्य करून काही हाती लागत नाही. नमुन्यातला सगळ्यात मोठा आकडा हाच एमएलई (मॅक्सिमम लाइकलिहूड एस्टिमेट, म्हणजे लाइकलिहूड सर्वाधिक करणारा अंदाज), आणि तो नेहमी थीटाच्या खालीच राहतो. वीस निरीक्षणं असली तरी सरासरीने तो थीटाच्या २०/२१ पटच असतो, म्हणजे जवळपास पाच टक्के कमी.

मग मी पुराच्या खुणेवर आले. नदीकाठच्या कितीतरी घरांत भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ होती. सामान त्या रेघेच्या वर ठेवलं की झालं, असा हिशेब. २०१९ ला पंचगंगा ती रेघ ओलांडून गेली. पुराची पातळी काही युनिफॉर्म नसते, पण ‘आजवरचं सगळ्यात मोठं’ म्हणजे ‘होऊ शकेल तेवढं मोठं’ नव्हे, हे दोन्हीकडे तेवढंच खरं आहे. वर्गातल्या काही जणांच्या घरात तेव्हा पाणी शिरलं होतं. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

तिथून बोलणं ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ यावर गेलं. दर वर्षी एक टक्का शक्यता धरली, तर तीस वर्षांत निदान एकदा तो येण्याची शक्यता २६ टक्के निघते. शिरोळकडची एक मुलगी मागून म्हणाली, “मॅडम, पण हे दर वर्षी वितरण तेच राहिलं तर ना? राधानगरीचे दरवाजे उघडले की आमच्याकडं वेगळाच हिशेब असतोय की!”

अगदी बरोबर. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. ज्या वर्षी नुसता पाऊस आणि ज्या वर्षी पावसावर विसर्गाची भर, ती दोन्ही वर्षं एकाच वितरणातली मानायची का? पाऊस पडायची तऱ्हाच बदलत असेल, तर त्या एक टक्क्याचं काय? घंटा झाली तरी यावरच बोलणं चाललं होतं. प्रश्नपत्रिकांचा विषय कुणी काढला नाही, याचा मला फार आनंद झाला.

पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पुन्हा रोज कानावर पडू लागेल: इशारा ३९ फुटांना, धोका ४३ फुटांना. तिघांनी पुढच्या सत्राच्या प्रोजेक्टला वार्षिक कमाल पातळी हाच विषय मागितला आहे. मी हो म्हटलंय. आधी गृहीतकांचं एक पान लिहून आणायचं, मॉडेल त्यानंतर.