मुलांना कशाला नेता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इतकी वर्षं हसून टाळत आले.

रविवारी उपासना सुटली की आम्ही चौघं भाकरी-पिठलं घेऊन सिव्हिलच्या व्हरांड्यात जातो. पेशंटला जेवण मिळतं, त्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्याचं काय? इथवर कुणाची तक्रार नसते. मग हळूच येतं, "पण मुलांना कशाला नेता?" (बाटवायला जाता का, असंही विचारतात. नाही. कुणी प्रार्थना कर म्हणालं तर करतो, नाहीतर डबे घासायला घरी.)

पूर्वी मी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवायचे. बायबलमधलं वचन, यहोशवा 24:15. आमच्या नगरात ख्रिस्ती घरांवर ती जागोजाग दिसते: मी आणि माझं घराणं परमेश्वराची सेवा करणार. घराणं म्हटलं की पोरं आलीच, विषय संपला.

खरं तर माझा विषय दहाव्या वर्षीच सुरू झाला होता. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. शनिवारी खेड्यावर भजनाला निघाले की आम्हा भावंडांच्या हातात टाळ. बांधाबांधानं चालून पाय भरून यायचे. माझ्या पोरांना असं ओढणार नाही, हे तेव्हाच ठरवलेलं. पुढे त्याच शनिवारांबद्दल मी मंडळीत डोळे पुसत साक्ष देऊ लागले. पायांचं तेवढं गाळून.

आता तो रविवार. मुलगा नऊ वर्षांचा, गल्लीत त्याची फायनल. "आज नको ना, आई." मी म्हटलं, प्रभूपेक्षा क्रिकेट मोठं का? (हे वाक्य वडिलांचं. फक्त क्रिकेटच्या जागी जत्रा असायची.) आला, गाल फुगवून. व्हरांड्यात पाथर्डीकडचे एक आजोबा होते, ऊसतोडीत आयुष्य गेलेले. त्यांची म्हातारी तीन आठवडे आत. ते भाकरी नेहमी याच्याच हातून घ्यायचे. त्या दिवशी घेतली आणि म्हणाले, "आज त्वांड का पाडलंय रं?"

"मला यायचंच नव्हतं. आईनं आणलं."

आजोबांनी भाकरी फडक्यात परत ठेवली. रागानं नाही, जपून, पिठलं सांडू न देता. "मग ऱ्हाऊ दे, बाळा. जुलमाची भाकर आपल्याला नगं."

मी विनवलं. यांनी विनवलं. आजोबा हसत होते, पण हात पुढे येईना. शेजारची बाई, वॉर्डबॉय, सगळे बघत होते. घरी आल्यावर मी पोराला वाट्टेल ते बोलले. रात्री झोप लागेना तेव्हा स्वतःला विचारलं, एवढा राग कशाचा? म्हातारा उपाशी राहिला याचा? नाही. चार लोकांनी ऐकलं याचा. भाकरी सोमवारपर्यंत ओट्यावर तशीच होती.

पुढच्या रविवारी ते नव्हते. म्हातारीला सोडलं म्हणे. मुलगा सारखा विचारायचा, "रागावून गेले का?"

कुटुंब सप्ताहात आमच्याकडे पंडिता रमाबाई आणि मनोरमाबाईंचा दाखला हमखास येतो: केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मायलेकींनी मिळून केलेली सेवा. पूर्वी मीही तो द्यायचे. आता तो ऐकताना दुसरंच मनात येतं. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला आईबरोबर बाप्तिस्मा झाला तेव्हा मनोरमा दोन वर्षांची होती. आणि 1921 मध्ये, चाळिशीत, आईच्या आधी गेली. मधल्या वर्षांत तिला कुणी विचारलं असेल का, बाई, तुला हेच करायचंय ना? कदाचित ती हसून हो म्हणाली असती. विचारणारी मी कोण, हेही आहेच.

तर मुलांना का नेते? एकटी गेले की मी दानशूर बाई होते. पोरं सोबत असली की लोक त्यांच्याशी बोलतात, माझे उपकार बाजूला राहतात. हे खरं आहे. चांगली आई म्हणून मिरवायला मिळतं, हेही खरं आहे. दोन्हींतलं किती किती, ते मला तोलता येत नाही.

त्या प्रकारानंतर मुलाला विचारूनच नेते. दोन महिने आला नाही, मग कधी येतो, कधी नाही. मुलगी मात्र एकही रविवार चुकली नाही, आणि मी तिचं कौतुक सांगत फिरायचे. गेल्या वर्षी भाकऱ्या थापताना ती म्हणाली, "मलाही कितीदा यायचं नसायचं. पण तू दादूला विचारलंस, मला कुठे विचारलंस?"

तवा तापला होता. मी भाकरी उलटली. अजून तिला विचारलेलं नाही.